बडोद्यातली ‘वट’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा सयाजीराव विद्यापीठात शिकायला बडोद्यात आलेल्या मंडळींना ‘वट’ हा शब्द नवा नसतो. तिकडेही तो रोजच्या बोलण्यात आहेच. पण इथे तो मराठीत आहे तसा गुजरातीतही आहे, आणि दोन्हीकडचा अर्थ तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे समोरच्याने कौतुक केलं की टोमणा मारला, याचा नव्या माणसाला पत्ता लागत नाही. इथल्या मराठी घरांत, तालमींत आणि गच्च्यांवर जे कानावर पडतं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

वट म्हणजे नेमकं काय?

एखाद्याचा शब्द जिथे चालतो, तिथे त्याची वट. हुद्दा, पगार, आडनाव यांपैकी काही असलं तर असो, नसलं तरी अडत नाही.

दांडिया बाजारातल्या एखाद्या मुंजीची पंगत डोळ्यांसमोर आणा. दुसरी पंगत बसायची आहे आणि बासुंदी पुरेल का, याची यजमानांना धास्ती. ते वाढप्यांना हळूच म्हणतात, “जरा हात आखडता घ्या रे.” मुलं “हो काका” म्हणतात आणि वळून बघतात ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलेल्या आचाऱ्यांकडे. आचारी उठतात, पातेल्यात डोकावतात, डाव तळापर्यंत एकदा फिरवतात. “वाढा सढळ हाताने. पुरतंय.” मुलं वाढायला लागतात. पैसे यजमानांचे, हॉल त्यांनीच घेतलेला, बासुंदीही त्यांचीच, पण त्या दारात वट आचाऱ्यांची. आणि यजमानांना त्यात अपमान वाटत नाही, उलट हायसं वाटतं.

‘त्याची वट’ बरोबर की ‘त्याचा वट’?

मराठीत शब्द स्त्रीलिंगी आहे: ती वट, त्याची वट. गुजरातीत पुल्लिंगी: एनो वट. बडोद्यातला मराठी माणूस सकाळी दूधवाल्यापासून रात्री वॉचमनपर्यंत दोन्ही भाषांत वावरतो, त्यामुळे त्याच्या तोंडी दोन्ही येतात, कधी एकाच वाक्यात. व्याकरणाच्या मास्तरांना हे खटकेल. मला यात सोय दिसते, कारण लिंगाबरोबर अर्थही थोडा सरकतो. ‘ची’ म्हटलं की वजन, शब्दाला किंमत. ‘चा’ म्हटलं की थाट, ऐट.

गुजरातीत वट पडतो, पाडता येतो आणि मारताही येतो. नवी बुलेट घेऊन गल्लीतून उगाच चकरा मारणाऱ्याबद्दल ‘वट मारे छे’ म्हणतात, आणि फारच झालं तर तो ‘वटनो कटको’, म्हणजे वटाचा तुकडाच, होतो. त्यात कौतुक कमी, चेष्टा जास्त. पण गुजराती वट म्हणजे निव्वळ दिखावा, असंही समजू नका. ‘वट राख्यो’ म्हटलं की दिलेल्या शब्दाला माणूस जागला, टेक सोडली नाही, असा भारदस्त अर्थ होतो. तो आपल्या ‘ची’च्या अगदी जवळ येतो.

फरक एका दिवसात बघायचा असेल तर १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी कुठल्याही गच्चीवर जा. कठड्याशी नवा गॉगल लावलेला एक तरुण असतो. स्पीकर त्याने आणलेला, गाणी त्याची, ‘काप्यो छे!’ची आरोळी सर्वांत मोठी त्याची. हा त्याचा वट. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, सतरंजीवर, कुणाचा तरी मामा मांडी घालून बसलेला असतो. तो पतंग उडवतही नाही. पण गच्चीवरचं प्रत्येक पोर, गॉगलवाल्यासकट, आपला पतंग घेऊन त्याच्यापुढे बसतं, कारण किन्ना त्यानेच बांधायचा. पतंगाला भोकं पाडून दोरा ओवायचा, वरचा आणि खालचा पदर बोटांवर मोजून बघायचा, चिमटीत धरून पतंग एकदा तोलायचा. गाठ थोडी वर-खाली झाली तरी पतंग एका अंगाला झुकतो. मामा म्हणाला “हा नको, याची कामटी वाकडी आहे,” तर तो पतंग बाजूला पडतो. पैसे देऊन आणलेला असला तरी. ही त्याची वट.

मान, पत, दरारा, रुबाब हे सगळं आहेच की. मग वेगळा शब्द कशाला?

मान बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. लग्नात मामाला मानाचा आहेर मिळतो तो मामा आहे म्हणून. त्याचं कुणी ऐकत नसलं तरी आहेर चुकत नाही. गायकवाडी दरबारात सरदार होते, मानकरी होते, आणि कुणी कुठे बसायचं हेही ठरलेलं होतं. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ‘आमचा दरबारात मान होता’ हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि ते बोलणारे खोटं सांगत नसतात. पण मान वारसाने खाली उतरतो, वट उतरत नाही. आजोबांच्या वटेवर नातवाला फार तर एक चहा मिळतो.

पत पैशाशी बांधलेली. वाणी वहीत लिहून सामान देतो, ती पत. रुबाब कपड्यांत, चालण्यात, आवाजात असतो. दरारा म्हणजे भीती, आणि माणूस खोलीबाहेर गेला की दरारा निम्मा होतो. वट पाठीमागेही चालते. माणूस गावाला गेलेला असतो आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, “काकांना एकदा विचारून घेऊ या का?” सर्वांत जवळचा शब्द ‘वजन’, पण तो वर्तमानपत्रातला झाला. ओट्यावर बसून कुणी ‘त्यांचं वजन आहे’ म्हणालं तर आधी आहाराचीच चर्चा सुरू होईल.

वशिला आणि वट एकच का?

नाही. पण बोलण्यात गल्लत सर्रास होते, म्हणून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो.

कामं दोन्हींनी होतात. वशिल्यात तिसरा माणूस लागतो: ‘मी अमक्यांचा भाचा’, ‘साहेबांनी पाठवलंय’. गुजरातीत म्हणतात, ‘ओळखाण सौथी मोटी खाण’, ओळख हीच सर्वांत मोठी खाण, आणि व्यापारी गावात ते खरंही आहे. ओळख दुसऱ्याची वापरता येते, कागदावर लिहून खिशात घालून नेता येते. वटेला चिठ्ठी चालत नाही. फोन उचलून “मी बोलतोय” एवढ्यावर पलीकडचा कामाला लागला तर ती वट. “साहेबांना सांगू का?” म्हणावं लागलं तर तो वशिला, मग साहेब कितीही मोठे असोत.

इतकं असूनही तुम्हाला असा कुणीतरी भेटेलच जो सेव-उसळीच्या गाडीवर तर्री वाढून घेत सांगेल, “वरच्या मजल्यावर आपली वट आहे, काम सांगा फक्त.” उसळ संपवा, पैसे आपापले द्या आणि घरी जा.

वट कमावतात कशी?

याचं उत्तर तालमीत लवकर मिळतं. बडोदा हे तालमींचं गाव. इथलं जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्यांच्या नावाने आहे ते जुम्मादादा मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी व्यायामाचं आणि संघ-कवायतीचं शिक्षण बडोद्याबाहेरही पोचवलं; हाडवैद्य म्हणूनही त्यांची ख्याती होती. त्यांच्या नावामागे ‘राजरत्न’ हा किताब लागतो. किताब दरबारातून आला. पण निखळलेला खांदा धरून दारात उभा राहिलेला माणूस काही किताब वाचून आलेला नसायचा. त्याला कुणीतरी सांगितलेलं असायचं, ‘माणिकरावांकडे जा’. आणि आखाडा आजही गुरूच्या नावाने ओळखला जातो, शिष्य एवढा नावाजला तरी.

आजच्या एखाद्या छोट्या तालमीत संध्याकाळी जाऊन कडेला बसा. वस्तादांचा मान ठरलेला आहे, त्यांच्या पाया पडूनच सगळे आत येतात. वट कुणाची हे बघायचं असेल तर मल्लखांबाकडे बघा. एक मोठा मुलगा असतो, तो सगळ्यांआधी येऊन खांबाला एरंडेल चोळतो. लहान पोर पहिल्यांदा उलटं होऊन वर चढायला घाबरतं, तेव्हा ते वस्तादांकडे बघत नाही, या मुलाकडे बघतं. तो खाली उभा असतो, हात थोडे पुढे धरून. “मी आहे. पाय घट्ट धर, हात सोड.” पोर हात सोडतं. या मुलाला कदाचित एकही पदक नसेल. पण उद्या वर्गणी काढायची, गणपतीत प्रात्यक्षिकं करायची किंवा भांडण मिटवायचं ठरलं, तर ‘तो काय म्हणतो?’ हे आधी विचारलं जाईल.

तेव्हा कमावण्याची रीत विचाराल तर एवढीच: काम चोख येणं, वेळेला हजर असणं आणि दुसऱ्याच्या फजितीचा फायदा न घेणं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. हुशार आणि वक्तशीर माणसं पुष्कळ असतात, पण पडलेल्याला हसणाऱ्याची वट कधी होत नाही. त्याला फार तर घाबरतात.

‘सयाजीराव महाराजांची वट होती’ असं म्हणावं का?

बडोद्यात म्हणू नका. शब्द चुकीचा नाही, पण पायरी चुकते. वट हा बरोबरीच्या किंवा जवळच्या माणसाबद्दल वापरायचा शब्द. महाराजांबद्दल ‘मान’, ‘आदर’, ‘दबदबा’ म्हणतात, आणि नाव घेताना नुसतं ‘महाराज’ म्हटलं तरी इथे कुठले महाराज हे सांगावं लागत नाही.

गंमत अशी, की कमावलेल्या आदराचं याहून मोठं उदाहरण गावाजवळ नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला आणि गादीवर बसला. गादी मिळाली ती दत्तकविधानाने. लोकांच्या मनातली जागा मिळाली ती पुढच्या कामाने: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू, १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती. आणि १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार तर बडोदेकर अजून रंगवून सांगतात. पंचम जॉर्जपुढे महाराजांनी एकदाच मुजरा केला आणि रिवाजाप्रमाणे मागे मागे न सरकता पाठ वळवून चालत निघाले. इंग्रजांनी गहजब केला, महाराजांना खुलासा आणि दिलगिरीचं पत्र द्यावं लागलं. हा भाग रंगवून सांगणारे वगळतात. मला तो वगळावासा वाटत नाही, कारण त्या काळी एका पाठ फिरवण्याची किंमत किती होती हे त्यावरूनच कळतं. एवढं सांगून झाल्यावर एखादा गुजराती मित्र म्हणेलच, “महाराजनो वट!” त्याच्या भाषेत ते शोभतं. आपल्या मराठीत तसंच्या तसं आणू नका.

कमी बोलणाऱ्या माणसाची वट असू शकते का?

बहुधा त्याचीच असते. विजय हजारे आठवा. मूळचे सांगलीचे, नाव झालं बडोद्याकडून खेळताना, आणि स्वभावाने अबोल. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यासमोर इंदूरचा होळकर संघ होता, म्हणजे दोन मराठी संस्थानांचीच गाठ. त्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली, हजारेंच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठीची ही विक्रमी भागी २००६ पर्यंत टिकली. पुढे ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय, तोही हजारेंच्याच कप्तानीत. जुने बडोदेकर त्यांच्याविषयी बोलताना आवाज चढवत नाहीत, धावा सांगतात आणि थांबतात.

बायकांच्या बाबतीत हा शब्द वापरतात का?

वापरतात, पण हवा तितका नाही. बाईचा शब्द चालत असेल तर लोक ‘तिचं सगळे ऐकतात’, ‘मावशी खमक्या आहेत’ असं फिरवून बोलतात. हा आपल्या बोलण्यातला कंजूषपणा आहे.

रावपुऱ्यातली भिशी घ्या. महिन्याला ठरलेली रक्कम, डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला त्या महिन्याचे पैसे. हिशेबाची वही एका काकूंकडे. एखाद्या महिन्यात चिठ्ठी काढायच्या आधी काकू म्हणतात, “या वेळेला हिला देऊ या. मुलाची फी भरायची आहे.” ज्यांना स्वतःला पैशांची ओढ आहे त्याही मान डोलावतात, डबा बंद होतो, चहा येतो. कुणी हरकत घेत नाही, कारण त्या वहीत आजवर एका रुपयाची खाडाखोड कुणी पाहिलेली नाही आणि काकूंनी स्वतःचा नंबर कधी पुढे ओढलेला नाही. याला वट नाही म्हणायचं तर कशाला? सरळ म्हणा: काकूंची वट आहे.

स्वतःबद्दल ‘माझी वट आहे’ म्हणावं का?

थट्टेत चालतं. “घरात माझी काय वट आहे ते बघताच आहात” असं नवरे पाहुण्यांसमोर म्हणतात आणि सगळे हसतात. गंभीरपणे म्हटलंत तर ऐकणारा मनातल्या मनात ‘ची’ काढून ‘चा’ लावतो.

गुजराती शेजारी ‘वट छे बाकी!’ म्हणाले. काय समजू?

तुमच्या अंगावर नवा झब्बा किंवा पैठणी असेल, तर सरळ दाद आहे. हसून “तमारो पण” म्हणा. तुम्ही नुकताच कुणाशी हुज्जत घालून रिक्षाचे दहा रुपये वाचवले असतील, तर चेष्टा आहे. तेव्हाही हसाच.

वडाच्या झाडाशी, वडोदरा या नावाशी, चेक वटण्याशी याचा संबंध आहे का?

गावाचं नाव वडावरून आलं हे खरं. वटपौर्णिमेतला वट म्हणजे तेच संस्कृतातलं झाड. ‘वडोदऱ्यात वट जास्त, कारण गावच वडाचं’ ही कोटी इथे चालते, ती कोटी म्हणूनच घ्यावी. चेक वटतो, हुंडी वटते, ते क्रियापद आहे आणि व्यवहारातलं आहे. वटहुकूम सरकारचा.

अर्जात, ईमेलमध्ये, भाषणात वापरावा का?

अर्जात नाही. निवृत्तीच्या समारंभात, बोलणारा आणि सत्कारमूर्ती बरोबरीचे असतील तर जरूर: “साहेब पुष्कळ झाले, पण स्टोअरमध्ये वट यांचीच होती.” अशा वाक्याला टाळी पडते. वरिष्ठांबद्दल कनिष्ठाने व्यासपीठावरून म्हटलं तर सलगी वाटते. जोर द्यायचा असेल तर बोलताना ‘वट्ट’ असा ठसका देतात. लिहिताना एकच ट पुरे.

कमावलेली वट जाते का?

जाते, आणि बहुतेक वेळा मोठ्या गुन्ह्याने नाही, वापरून वापरून जाते. दर कामाला स्वतःचं नाव पुढे करणारा, प्रत्येक रांगेत ‘ओळखलं नाही का?’ विचारणारा हळूहळू ती खर्चून बसतो. दुसरं कारण म्हणजे पक्षपात. भिशीच्या काकूंनी एकदा स्वतःच्या सुनेला आधी दिलं, की पुढच्या महिन्यात डबा उघडणारच. लोक भांडत नाहीत, नुसतं ‘चिठ्ठीच काढू या’ म्हणतात. तिसरं कारण वय, पण त्यात वट जाण्यापेक्षा तिची जागा बदलते. किन्ना बांधणाऱ्या मामाचे हात थरथरायला लागले की भाची शेजारी बसून बांधते आणि मामा नुसता बघून “खालचा पदर अर्धं बोट सोड” म्हणतो. काही वर्षं वट दोघांत वाटलेली असते.

आजची मुलं हा शब्द वापरतात का, की ‘स्वॅग’ने खाल्ला?

‘स्वॅग’ने ‘चा’ची जागा बरीच घेतली, हे खरं. हिंदीतून ‘भौकाल’ही आला आहे. पण ते दोन्ही दाखवायचे शब्द आहेत. क्रिकेटच्या नेटमध्ये, प्रयोगशाळेत, गणेश मंडळात कुणाचं ऐकायचं हे ठरवायची वेळ आली की पोरं अजून ‘त्याची वट आहे यार’ असंच म्हणतात.

पुण्याला माहेरी गेल्यावर तोंडून ‘त्याचा वट’ निघून गेलं तर?

कुणीतरी ‘ची’ म्हणून सुधारेल. सुधारू द्या. फार ताणलं तर गॉगलवाला आणि मामा यांची गोष्ट सांगा, आणि जाताना लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, न्यायला विसरू नका. तो दिल्यावर लिंगभेदाची चर्चा सहसा लांबत नाही.